डिकॉय मांडण्याआधी मोकळं पाणी मांडा

प्रश्न थोडक्यात असा: गुडघाभर पाण्याचं तळं, काठावर पाणकणसात केलेलं लपण, समोर मॅलार्ड जातीच्या रानबदकाचे दोन डझन डिकॉय (शिकारीत खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडलेली नकली बदकं), वारा बहुतेक वेळा पाठीमागून. बदकं येतात, दोन-तीन घिरट्या घालतात आणि डिकॉयच्या पलीकडे ६०-७० यार्डांवर (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरासा कमी, एक लांब टांग) जाऊन बसतात. तर डिकॉय वाढवावेत, की फिरत्या पंखांचं यंत्र घ्यावं?

दोन्हीची गरज नाही. बदकांना तुमचे डिकॉय पटलेले आहेत. पटले नसते तर ती तळ्यावर उतरलीच नसती. उतरायची जागा मात्र त्यांनी स्वतः निवडली, कारण तुम्ही ती दाखवलीच नव्हती. डिकॉय मांडणं म्हणजे बदकं कुठे बसलीत हे दाखवणं, असं नवखा माणूस धरून चालतो. माझ्या मते खरं काम आहे बदक कुठे बसणार ती रिकामी जागा आखणं. डिकॉय त्या जागेची कड दाखवण्यापुरते. हे एकदा डोक्यात बसलं की डझनावारी हिशेब आपोआप मागे पडतो.

पुढे जाण्याआधी एक सांगतो. हे सगळं जिथे बदकांची शिकार कायदेशीर आहे, हंगाम ठरलेला आहे आणि तुमच्या खिशात परवाना आहे, तिथलं आहे. माझा बहुतेक अनुभव अमेरिकेतल्या पाण्यावरचा आहे, त्यामुळे नियमही तिथलेच सांगतोय. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानबदकांची शिकार गुन्हा आहे, तिथे या लेखाचा उपयोग पक्ष्यांच्या सवयी समजून घेण्यापुरताच.

आता मूळ मुद्दा. बदक उतरतं ते वाऱ्याकडे तोंड करून, विमान उतरतं तसंच. समोरून वारा मिळाला की वेग कमी करता येतो आणि शेवटच्या क्षणी पाय खाली सोडून टेकता येतं. म्हणून वारा जिकडून येतो ती वरची बाजू आणि जिकडे जातो ती खालची बाजू धरली, तर थवा शेवटच्या टप्प्यात नेहमी खालच्या बाजूने आत येणार. दुसरी गोष्ट, बसलेल्या बदकांच्या डोक्यावरून जाऊन त्यांच्या पुढे उतरायला ती नाखूश असतात. येताना जी पहिली मोकळी जागा दिसेल तिथे बसतात आणि मग पोहत पुढे सरकतात.

या दोन सवयी तुमच्या तळ्यावर लावून बघा. वारा पाठीमागून, म्हणजे थवा समोरून, पाण्यावरून तुमच्याकडे येतोय. डिकॉय तुम्ही काठापासून पन्नास यार्डांपर्यंत पसरून टाकलेत, मधे कुठे खास जागा नाही. थव्याला आधी लागते ती मांडणीची पलीकडची कड. तिथे मोकळं पाणी आहे, मग तो तिथेच बसतो. यात बदकांची काही चूक नाही.

उपाय सोपा आहे. काठावर पाण्याकडे तोंड करून उभे राहा, डिकॉय पिशवीतच असू द्या आणि समोर २० ते २५ यार्डांवर मनात एक बिंदू धरा. तो बिंदू हा उतरायच्या जागेचा मध्य. त्याच्याभोवती १५-२० यार्ड रुंद पाणी पूर्ण रिकामं राहील. लपणाकडच्या बाजूला दहा-बारा डिकॉय, तिथून डावीकडे एक हात आणि उजवीकडे एक हात पाण्यात निघालेला, आणि दोन्ही हातांची तोंडं पलीकडे, खालच्या बाजूला उघडी. वरून पाहिलं तर घोड्याच्या नालेचा आकार. हातांचं टोक ३५ यार्डांपलीकडे जाऊ देऊ नका. रिकाम्या जागेच्या तोंडाशी, पलीकडे, एकही डिकॉय नको. एक जरी चुकून वाहत तिथे गेला तरी थवा त्याच्याही पलीकडे, म्हणजे तुमच्यापासून लांब, थांबतो.

३५ यार्ड हा आकडा मी उगाच धरून बसलेलो नाही. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत. पोलादी छर्रा शिशापेक्षा हलका, त्यामुळे अंतराबरोबर त्याचा जोर लवकर ओसरतो. ४० यार्डांपुढे बदक पडण्यापेक्षा जखमी होऊन पाणकणसात शिरायची शक्यता वाढते, आणि ते पुन्हा सापडत नाही. डिकॉयचा सगळा खटाटोप मी याचसाठी करतो: पक्षी इतका जवळ यावा की एका बारात काम व्हावं. लांबून बार टाकायचे असतील तर डिकॉय कशाला वाहून न्यायचे? मांडणीतला सगळ्यात लांबचा डिकॉय ३५ यार्डांवर मोजून ठेवा, त्याच्या पलीकडचं बदक सोडून द्यायचं हे आधीच ठरवा. अंधुक उजेडात अंतराचा अंदाज हटकून चुकतो, तेव्हा हा एक डिकॉय हातातल्या फुटपट्टीइतका उपयोगी पडतो.

पाठीमागचा वारा बरा, पण माझी पसंती आडव्या वाऱ्याला आहे. पाठीमागून वारा असला की थवा थेट तुमच्या लपणाकडे बघत येतो. मॅलार्डच्या डोळ्यांची ठेवण अशी आहे की मान न वळवता त्याला चहूबाजूचं दिसतं, आणि समोरून येताना त्याची नजर नेमकी तुमच्या कपाळावर पडते. वारा डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर थवा उजवीकडून डावीकडे, तुमच्या समोरून आडवा जातो. त्याचं लक्ष डिकॉयवर, तुमच्यावर नाही. अशा वेळी मांडणीचा भरणा डावीकडे, वरच्या बाजूला टाका, रिकामी जागा बरोबर लपणासमोर ठेवा, आणि पलीकडच्या कडेने पाच-सहा डिकॉयची एक विरळ ओळ उजवीकडे सोडा. तिचा आकार इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा होतो. थवा त्या लांब ओळीच्या अलीकडच्या बाजूने, ओळ धरूनच आत येतो आणि ‘जे’च्या पोटात बसतो. लोक इथे मांडणी बरोबर लपणासमोर मध्यावर टाकतात आणि बदकं उजव्या टोकाला बसतात म्हणून चडफडतात. सगळी मांडणी दहा-पंधरा यार्ड वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकवली की प्रश्न मिटतो.

वारा समोरून, तोंडावर येत असेल तर बदकं तुमच्या डोक्यावरून, पाठीमागून येणार. तिथे मांडणीची कसरत करू नका, लपण पलीकडच्या काठावर हलवा. आणि सकाळी आठला वारा फिरला तर कुडकुडत का होईना, पाण्यात उतरून डिकॉय फिरवा. या अर्ध्या तासाच्या कामाचा कंटाळा केलात तर पुढचे तीन तास वाया जातात.

दोन डिकॉयमधलं अंतर चार ते सहा फूट ठेवा, पण मोजूनमापून नको. निवांत बसलेली बदकं विखुरलेली असतात, दोघं-तिघं मिळून, एखादं एकटंच. धोका वाटला की ती एकमेकांना खेटून गोळा होतात आणि उडायची तयारी करतात. दाट गठ्ठा करून मांडलेले डिकॉय वरून येणाऱ्या थव्याला हीच भीती दाखवतात. त्याचप्रमाणे सगळ्या डिकॉयच्या माना ताठ असतील तर तेही सावध थव्याचं चित्र. बाजारात चरणारे, मान आखडून बसलेले, चोच पाठीत खुपसून झोपलेले असे प्रकार मिळतात. त्यांचाच भरणा ठेवा आणि ताठ मानेचे दोन-तीन पुरेत.

एक छोटी गोष्ट, जिचा फरक मला फार मोलाचा वाटतो. डिकॉयच्या पोटाखालच्या कीलला, म्हणजे खाली आलेल्या पट्टीला, पुढे आणि मागे अशी दोन भोकं असतात. सगळे जण दोरी पुढच्या भोकात बांधतात, त्यामुळे वारा सुटला की अख्खा ताफा एकाच दिशेला तोंड करून कवायतीला उभा राहतो. पाचातल्या एका डिकॉयची दोरी मागच्या भोकात बांधा. तो वाऱ्यात वेगळा वळतो, थोडा अडतो, थोडा झुलतो. खरी बदकं जोराच्या वाऱ्यात तोंड वाऱ्याकडेच करतात, पण झुळकेच्या वाऱ्यात त्यातली काही इकडे तिकडे सरकतच असतात.

दोरीची लांबी पाण्याच्या खोलीच्या दीडपट ठेवा. लाटा असतील तर आणखी थोडी. कमी पडली की डिकॉय लाटेवर वजन उचलतो आणि चालायला लागतो, नेमका तुमच्या रिकाम्या जागेत. गुडघाभर पाण्याला टेक्सास रिग म्हणतात ती पद्धत सर्वांत सुटसुटीत: जाड नायलॉनची तीन-चार फुटांची तार, एका टोकाला डिकॉय, तारेवर सरकणारं अंड्याच्या आकाराचं वजन आणि टोकाला फास. आवरताना सगळे फास एका कडीत अडकवले की डझनभर डिकॉय एका हातात येतात, गुंता नाही. अंधारात थंडीने बोटं बधिर झालेली असताना गाठी सोडवायची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याला याची किंमत कळेल.

आता हालचाल. वाऱ्याशिवायची सकाळ ही डिकॉयची सगळ्यात मोठी परीक्षा. पाणी आरशासारखं, वर प्लास्टिकची बदकं ठोकल्यासारखी स्थिर. बदकं जिथे बसतात तिथे पाणी कधीच स्थिर नसतं. पाय मारणं, चोच बुडवणं, पंख झटकणं यांनी तरंग सतत उठत असतात आणि ते उंचावरूनही दिसतात. यावर जर्क रिगसारखी दुसरी युक्ती मला तरी माहीत नाही. पाण्यात एक खुंटी, तिला ताणणारा रबरी दोर, पुढे दोरीला तीन-चार डिकॉय, आणि दोरीचं टोक लपणात तुमच्या हातात. थवा लांब असताना, किंवा तो पाठ करून वळत असताना ओढा. डिकॉय पुढे बुडतात, रबर त्यांना मागे खेचतं, आणि तरंग सगळ्या मांडणीत पसरून बाकीच्या स्थिर डिकॉयनाही हलवतात. थवा पंख वाकवून, पाय सोडून तोंडासमोर आला की दोरी सोडून द्या, हात हलवू नका.

तुम्ही विचारलेलं फिरत्या पंखांचं बॅटरीवरचं यंत्र काम करतं, हे खरं आहे. पंखाची खालची फिकट बाजू लुकलुकते आणि उतरत्या बदकाचा भास लांबून होतो. हंगामाच्या सुरुवातीला, कोवळ्या पक्ष्यांवर त्याचा परिणाम मोठा. नंतर दर तळ्यावर तेच यंत्र लुकलुकताना पाहून बदकं शहाणी होतात आणि ते दिसताच दिशा बदलतात. काही राज्यांत त्यावर बंधनंही आहेत, म्हणून घेण्याआधी तुमच्या राज्याची नियमपुस्तिका उघडा. घेतलंच तर रिकाम्या जागेच्या मधोमध न लावता एका बाजूला लावा आणि रिमोटवरचंच घ्या. थवा घिरट्या घालायला लागला की बंद.

कोणत्या जातीचे डिकॉय, यात लोक फार अडकतात. उथळ पाण्यात डोकं बुडवून चरणाऱ्या जातींना, म्हणजे मॅलार्ड, टील, विजन, गॅडवॉल, तलवार बदक, थापट्या, मॅलार्डचे डिकॉय चालतात. त्यात तलवार बदकाचे दोन-तीन नर घाला, कारण त्यांची पांढरी छाती फार लांबून चमकते. हंगामाच्या तोंडाशी नरांना अजून पूर्ण रंग चढलेला नसतो, सगळा थवा मळकट तपकिरीच दिसतो. तेव्हा माद्यांचे डिकॉय जास्त ठेवा. हिवाळ्यात उलट. कडेला, काठाजवळ वारकरी पक्ष्याचे, म्हणजे कूटचे, चार-पाच काळे डिकॉय टाकले तर शहाण्या बदकांना दिलासा मिळतो. हंसांचे मोठे डिकॉय बदकांत मिसळू नका, वरच्या बाजूला वेगळे ठेवा.

बुडी मारणाऱ्या जातींची, कॅनव्हासबॅक, रेडहेड, स्कॉप यांची गोष्ट वेगळी. त्या मोठ्या उघड्या पाण्यावर, रांगेने, पाण्याला घासून येतात. तिथे डिकॉय सुटे टाकून भागत नाही. एक जाड मुख्य दोर, दोन्ही टोकांना जड नांगर, आणि त्यावर दर पाच-सहा फुटांवर आखूड फांदीदोरीने अडकवलेले डिकॉय, अशा लांब माळा लावतात. दोन माळा वरच्या बाजूला जवळ आणि खालच्या बाजूला फाकत गेलेल्या, मधे मोकळी वाट. इथे काळा-पांढरा रंग जितका जास्त तितका चांगला, आणि संख्याही इथे खरंच उपयोगी पडते. बोटीवर माळ सोडताना एकच नियम: दोराचा वेटोळा पायात नको. नांगर पाण्यात गेला आणि वेटोळं घोट्याला बसलं तर माणूस त्याच्याबरोबर जातो. लाइफ जॅकेट अंगात, बंदूक रिकामी आणि म्यानात, मगच डिकॉयला हात. वेडर्समध्ये, म्हणजे पाण्यात उतरायच्या उंच जलरोधक विजारीत, थंड पाणी भरलं की चांगला पोहणाराही हतबल होतो.

कॅनव्हासबॅकवरून आठवलं. १९२४ साली नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत ११ डिकॉय सापडले, टूल नावाच्या लव्हाळ्याचे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. काहींवर रंग आणि खरी पिसं चढवून कॅनव्हासबॅकचा नर बनवलेला होता. ते हातात असलेल्या माणसालाही वारा आणि मोकळी जागा हाच हिशेब करावा लागला असणार, बदकाची सवय तेव्हाही तीच होती. पुढे लोकांनी पाळीव बदकं दोरीला बांधून जिवंत डिकॉय म्हणून वापरली आणि ती इतकी प्रभावी ठरली की १९३५ साली अमेरिकेत त्यांच्यावर आणि दाणे टाकून आमिष दाखवण्यावर बंदी आली. ती बंदी मला योग्यच वाटते.

वाहत्या नदीत डिकॉय मुख्य धारेत टाकू नका, वळणामागच्या किंवा पडलेल्या झाडामागच्या संथ पाण्यात टाका. बदकंही प्रवाहाशी झगडत बसत नाहीत. पाण्याखाली गेलेल्या जंगलात, आर्कान्सासमध्ये करतात तशा शिकारीला, डझनभर डिकॉय पुरतात. तिथे झाडाला टेकून उभं राहायचं आणि पायाने पाणी हलवायचं, तरंग झाडांमधून लांब जातात. गोठलेल्या तळ्यावर बर्फ फोडून जागा करावी लागते. फुटलेले तुकडे तसेच तरंगत ठेवू नका, लाद्या पाण्याखालून बाजूच्या बर्फाखाली सरकवा, म्हणजे पाणी काळं आणि स्वच्छ दिसतं.

थंड सकाळी डिकॉयच्या पाठीवर दव गोठून पांढरट थर बसतो. लपणातून तो दिसत नाही, कारण आपण आडवं बघतो. वरून येणाऱ्या बदकाला मात्र चोवीस पांढऱ्या पाठी दिसतात. सूर्य उगवायच्या सुमारास एकदा पाण्यात उतरा आणि एकेक डिकॉय उलटा करून बुडवून सोडा. तसंच ऊन चढल्यावर जुन्या, घासलेल्या डिकॉयची पाठ चमकायला लागते. त्यांना मॅट रंगाचा हात द्या.

वेळेचं गणित असं: अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बार टाकायची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून असते. त्यामुळे डिकॉय मांडून, बोट झाकून, लपणात बसून तुम्ही त्याआधी किमान पंधरा मिनिटं स्थिर असायला हवं. मांडणी अंधारातच होते. म्हणून आदल्या दिवशी उजेडात जाऊन काठावरच्या एखाद्या खुणेवरून रिकामी जागा पक्की करून या. त्याच फेरीत खरी बदकं कुठे बसतात तेही बघा. ती जिथे स्वतःहून बसतात तिथे सहा डिकॉय पुरे होतात. जिथे त्यांना काही कामच नाही तिथे सहा डझनही कमी पडतात.

शेवटी, पहिले दोन-तीन थवे काय करतात ते बंदूक न उचलता बघा, तेच सगळं सांगतात. थवा पंख वाकवून खाली येतो आणि ३०-४० यार्डांवर एकदम उंच उसळतो: त्याला तुम्ही दिसलात. चेहरा, लपणाची सावली, कुत्रा, चमकणारं काहीतरी. डिकॉयला हात लावू नका, लपण सुधारा. थवा घिरट्या घालून खालीच येत नाही: पाणी मेलेलं आहे, हालचाल हवी. थवा उतरतो पण कडेला: रिकामी जागा चुकली, ती सरकवा. थवा मान न वळवता निघून जातो: त्याला दुसरीकडे जायचं आहे.

तुमच्या बाबतीत तिसरा प्रकार आहे. पुढच्या वेळी पलीकडचे आठ डिकॉय उचलून अलीकडे आणा, नालेचं तोंड उघडं ठेवा आणि बघा. एवढं करूनही थवे लागोपाठ त्याच ६०-७० यार्डांवर बसत असतील तर तिथे पाण्याखाली त्यांचं खाणं आहे. मग डिकॉय गोळा करा आणि लपण तिकडच्या काठावर न्या.